अब्बांच्या रेडिओत अडकलेले सेल

२०२५ चा रमजान आठवड्यावर आला होता आणि घरात झाडझूड चालू होती. अम्मीच्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलेले काहीतरी हाताला लागले. सोडून पाहिले तर अब्बांचा रेडिओ. अब्बांचा इंतकाल होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. त्यांच्या मागे रेडिओला कोणी हात लावला नव्हता, आणि तो कुठे आहे हेही अम्मीशिवाय कोणाला ठाऊक नव्हते.

"लावून बघ ना जरा," अम्मी म्हणाली. "सहरीला बाजूला आवाज असला की बरं वाटतं. मोबाइलवर नाही मला ते जमत."

मागचे झाकण काढायला गेले तर ते निघेना. पेचकस घालून उचकटले तेव्हा आतले दृश्य पाहून मला वाईट वाटले. तीन मोठे सेल एका रांगेत बसलेले, पण त्यांचा रंगच दिसत नव्हता. एका टोकाला पांढरी, मिठासारखी खरखरीत साय. दुसऱ्या टोकाला तपकिरी चिकट ओघळ. पितळी पत्ती हिरवी पडलेली आणि स्प्रिंगचे अर्धे वेटोळे जागेवरच नाही. सेल काढायला बोट घातले तर ते जणू सिमेंटने बसवले होते.

माझा भाचा म्हणाला, "खाला, टाकून द्या. पाचशेत नवा येतो." त्याचे चुकले नाही. त्याच्या पिढीला पाचशेत नवा येतो हे माहीत आहे. पण अम्मीने दुपट्टा पुन्हा गुंडाळायला घेतला, आणि तिने तो ज्या तऱ्हेने गुंडाळला ते पाहून मी रेडिओ तिच्या हातातून घेतला.

आधी अब्बांविषयी दोन शब्द, कारण पुढे जी चूक झाली ती त्यांच्याच शिकवणीतून झाली. अब्बा राजूरच्या कोळसा खाणीत लॅम्प रूममध्ये कामाला होते. वणीच्या वाचकांना राजूर कॉलरी वेगळी सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. जमिनीखालच्या खाणीत उतरणारा प्रत्येक कामगार टोपीला दिवा लावून उतरे. त्या दिव्याची जड बॅटरी कमरेच्या पट्ट्याला बांधलेली असे आणि तिथून वायर डोक्यापर्यंत जाई. पाळी संपली की दिवे लॅम्प रूममध्ये परत येत आणि चार्जिंगला लागत. त्या बॅटऱ्या शिशाच्या, आत गंधकाचे आम्ल. ते कधी सांडले की अब्बांच्या पँटला बारीक बारीक भोके पडत. म्हणून त्यांच्या खिशात नेहमी खायच्या सोड्याची पुडी असे. आम्ल सांडले की सोडा टाकायचा, फेस येऊन शांत झाला की पुसायचे. घरात कुठलाही सेल पाझरला की त्यांचा एकच हुकूम, "सोडा लावा."

तेव्हा आम्हीही तेच केले. सोड्याची पेस्ट करून दोन्ही टोकांना लावली. तपकिरी ओघळावर बारीक बुडबुडे आले. पांढऱ्या टोकाला काहीच झाले नाही. अर्धा तास वाट पाहिली तरी पेस्ट तशीच वाळून बसली.

आणि मी विज्ञान शिकवते! सातवी-आठवीच्या मुलांना वर्षानुवर्षे लिटमस दाखवते, आणि घरी मात्र न तपासता औषध लावून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी शाळेतून लिटमसच्या पट्ट्या आणल्या, पण त्याआधी रात्रीच स्वयंपाकघरात एक प्रयोग करून पाहिला होता, तो तुम्हालाही करता येईल. हळदीचे पाणी कागदाच्या पट्टीला लावून वाळवले. मग ती पट्टी जरा ओली करून जिथे सोडा लागला नव्हता अशा पांढऱ्या सायीला टेकवली. पट्टी लालसर तपकिरी झाली, अगदी वरणाचा डाग पडलेल्या दुपट्ट्याला साबण लावल्यावर होते तशी. तपकिरी ओघळावरची पट्टी पिवळीच राहिली. म्हणजे एका टोकाला अल्कली होती आणि दुसऱ्या टोकाला ती नव्हती. एकाच रेडिओत दोन वेगळी दुखणी होती.

अम्मीला विचारले तेव्हा उलगडा झाला. भाईजान कुवेतहून आला होता तेव्हा त्याने दोन भारी सेल आणले होते. तिसरा इथल्याच दुकानातला साधा. भारी सेलांवर अल्कलाइन असे लिहिलेले होते, ते आता खरवडल्यावर दिसले.

दोन्हींतला फरक समजून घेतला तर पुढचे सगळे सोपे जाते, म्हणून जरा खोलात जाते.

आपण ज्याला साधा सेल म्हणतो त्याचे मूळ फ्रान्समधल्या जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ साली बनवलेल्या घटात आहे. तो काचेच्या बरणीतला, पाण्याचा होता. त्यात नवसागराचे द्रावण असे. होय, तोच नवसागर, उर्दूत नौसादर, जो कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात टाकायचा आणि पांढरा धूर उठायचा. १८८६ च्या सुमारास जर्मनीतल्या कार्ल गासनर यांनी तो लगद्याच्या रूपात जस्ताच्या डब्यात भरला आणि कोरडा सेल तयार झाला. आजच्या साध्या सेलात बऱ्याचदा नवसागराच्या जागी जस्ताचे क्लोराइड असते, पण घडण तीच आहे. मधोमध कार्बनची कांडी, भोवती मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी, आणि बाहेर जस्ताचा डबा.

मेख या डब्यातच आहे. हा डबा म्हणजे नुसते भांडे नाही, तोच सेलचा ऋण ध्रुव आहे, म्हणजे वीज देताना तोच झिजतो. सेल जसजसा वापरला जातो तसतशी त्याची भिंत पातळ होत जाते आणि शेवटी तिला भोके पडतात. पाणी ठेवायला मडके बनवायचे आणि तहान लागली की मडकेच खरवडून खायचे, तसा हा प्रकार. संपलेला साधा सेल आज ना उद्या पाझरणारच.

अल्कलाइन सेल गेल्या शतकाच्या पन्नाशीत अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत लुईस अरी या कॅनडाच्या अभियंत्याने घडवला. असे सांगतात की त्याने आपल्या वरिष्ठांना पटवायला दोन खेळण्यातल्या गाड्या कॅन्टीनच्या फरशीवर सोडल्या. एकीत जुना सेल, दुसरीत त्याचा. जुनी लवकरच थांबली, दुसरी फिरतच राहिली. या सेलाचा बाहेरचा डबा पोलादाचा असतो आणि तो झिजत नाही. जस्त भुकटीच्या रूपात आत असते. मग हा का पाझरतो? आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते, फार तीव्र अल्कली. जस्तावर त्याची हळूहळू क्रिया होऊन हायड्रोजन वायू तयार होतो, दाब वाढतो, आणि सेल फुटू नये म्हणून ठेवलेली तळाची पातळ झडप उघडते. तिथून द्रव बाहेर येतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याची पांढरी स्फटिकासारखी साय जमते. पूर्वी हा वायू कमी व्हावा म्हणून जस्तात थोडा पारा घालत. पारा विषारी, म्हणून तो काढला गेला, आणि ते योग्यच झाले.

मुलांना वाटते की भाजते ते फक्त ॲसिडने. राजूरच्या चुनाभट्ट्यांवर काम केलेल्या माणसाला विचारा. चुना ॲसिड नाही, तरी ओल्या हाताला लागला की कातडी सोलून निघते. पाझरलेल्या अल्कलाइन सेलातला द्रव त्याच कुळातला आहे, आणि चुन्याहून कडक. म्हणून अशा सेलाला उघड्या हाताने हात लावू नका. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातात घाला. खाली वर्तमानपत्र अंथरा, तोंड लांब ठेवा, लहान मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा. कातडीला लागलेच तर नळाखाली पंधरा मिनिटे धरा. डोळ्यात गेले तर पाणी मारत राहा आणि तसेच डॉक्टरकडे जा. डोळ्यात किंवा कातडीवर लिंबू, सिरका किंवा सोडा यांतले काहीही लावायचे नाही. ते उपकरणासाठी आहे, माणसासाठी नाही.

आता रेडिओकडे वळू. वाळलेली साय जुन्या दातांच्या ब्रशने हलक्या हाताने झाडली, नाकाला ओढणी बांधून. मग कानातल्या कापसाच्या काडीवर सिरका घेऊन पांढऱ्या टोकाला लावला. फेस आला! अम्मी बाजूला बसून बघत होती, ती म्हणाली, "तुझ्या अब्बांना सांगायला हवं होतं हे." सिरका नसेल तर लिंबाचा रसही चालतो. काम आम्लाचे आहे, बाटली कुठली ते महत्त्वाचे नाही. साध्या सेलच्या तपकिरी टोकाला सोडाच बरोबर होता, तो तिथे पुरला. म्हणजे अब्बांचा नुस्खा खोटा नव्हता, तो दुसऱ्या सेलांचा होता. एवढेच सांभाळा की सिरका ओतायचा नाही, थेंबाथेंबाने लावायचा, आणि फेस थांबला की लगेच पुसून घ्यायचा, कारण तो तसाच राहिला तर तांब्या-पितळेलाही खातो. शेवटी जरा ओल्या फडक्याने पुसून, स्पिरिटची काडी फिरवून, झाकण उघडे ठेवून रेडिओ पूर्ण दिवसभर सावलीत वाळू दिला.

अडकलेले सेल काढणे हे त्याहून चिवट काम होते. त्यांच्या कडेने सिरक्याचे दोन-दोन थेंब सोडून तासभर थांबायचे. मग जाड घडी केलेल्या सतरंजीवर उपकरण हलकेच आपटायचे, पुन्हा थेंब, पुन्हा थांबायचे. मधला सेल सर्वात आधी हलला. लाकडी पळीच्या मागच्या टोकाने त्याला ढकलून काढल्यावर बाकी दोघांना जागा मिळाली आणि ते फिरवत फिरवत निघाले. दुपारी बसलेली मी, मगरिबच्या अजानला तिसरा हातात आला.

टॉर्चचे गणित वेगळे. जुन्या पत्र्याच्या टॉर्चमध्ये सेल नळीतच फुगून बसतात. मागची टोपी काढून ओढत बसण्यापेक्षा पुढचे काचेचे तोंड आणि बल्बची बैठक काढा आणि पुढून जाड लाकडी दांडा घालून मागे ढकला. बहुतेक वेळा निघतात. नाही निघाले तर टॉर्च सोडून द्या. गॅसवर नळी तापवणे, ड्रिलने सेलला भोक पाडणे, हातोड्याने ठोकणे हे प्रकार मी लोकांना करताना पाहिले आहेत. अल्कलाइन सेलात दाब असतो हे आताच वाचलेत, तेव्हा जास्त सांगत नाही.

टॉर्चवरून आठवले. आमच्या लहानपणी घरोघरी जी टॉर्च असे ती बहुधा जीपची, अलाहाबादच्या शेरवानी घराण्याच्या कारखान्याची. आणि सेल? नऊच्या आकड्यातून उडी मारणाऱ्या मांजराचा लाल सेल. तो बनवणारी कंपनी म्हणजे युनियन कार्बाइड, जिच्या भोपाळच्या कारखान्यातून डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री वायू सुटला. नंतर कंपनीची मालकी बदलली आणि नावही बदलले. अब्बांना हे कळले तेव्हा त्यांनी काही दिवस तो सेल घेणे सोडले होते. मग दुकानात दुसरा मिळेना म्हणून पुन्हा घेऊ लागले.

सेल संपत आले की अब्बा ते गच्चीवर उन्हात ठेवत, संध्याकाळी पुन्हा रेडिओत घालत, आणि खरेच बातम्या होईपर्यंत रेडिओ चाले. तुमच्यापैकी चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांनी हे केलेले असणार. काहीजण तर सेल दाताने दाबून बघत. उन्हात सेल चालतो, कारण उष्णतेने आतली रासायनिक क्रिया थोडा वेळ वेग घेते. त्यात नवी वीज येत नाही, उरलीसुरली बाहेर पडते आणि पातळ झालेली जस्ताची भिंत आणखी लवकर जाते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. तेव्हा पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत, गाडीच्या डिकीत किंवा खिडकीतल्या घड्याळात राहिलेला सेल वेगळा उन्हात ठेवायची गरजच नसते.

आमच्या रेडिओचे मूळ कारण मात्र ऊन नव्हते. तीन सेल एकामागोमाग जोडलेले असले की तिघांतून एकच प्रवाह जातो. त्यांतला साधा सेल लवकर संपला. उरलेले दोन भारी सेल अजून जोरात होते आणि ते संपलेल्या सेलातून जबरदस्तीने प्रवाह ढकलत राहिले. अशा वेळी संपलेल्या सेलाचे ध्रुव उलटतात, आत वायू होतो आणि तो गळू लागतो. म्हणून जुना-नवा, साधा-भारी, या कंपनीचा-त्या कंपनीचा असे सेल एकत्र घालू नयेत. बदलायचे तर सगळे एकदम बदलायचे. भाईजानने प्रेमाने आणलेले दोन सेल वाया जाऊ नयेत म्हणून तिसरा इथला घातला, त्यातून एवढे रामायण झाले! सेलच्या अंगावर बारीक अक्षरात एलआर ६ किंवा एलआर २० असे असले तर तो अल्कलाइन, नुसते आर ६ किंवा आर २० असेल तर साधा. पेन्सिल सेलावर ६, मोठ्यावर २०.

रेडिओचे निभावले, पण त्या आठवड्यात मी घरातली सेलवर चालणारी प्रत्येक वस्तू उघडून पाहिली आणि मला जरा भीती वाटली. टीव्हीचा रिमोट ठीक. नमाजच्या वेळा सांगणारे भिंतीवरचे घड्याळ, त्यातला सेल कधी घातला कोणालाच आठवेना, तो कडेने ओलसर. रिमोट आणि घड्याळ इतकी थोडी वीज घेतात की सेल दोन-दोन वर्षे तसाच राहतो आणि आपल्याला विसर पडतो. सहरीसाठी उशाशी ठेवलेली टॉर्च, तिच्या स्प्रिंगला पांढरे आलेले. आणि अम्मीचे बीपीचे मशीन.

अम्मीला बीपी आहे आणि शुगरही. मशीनला चार पेन्सिल सेल लागतात. दोन महिन्यांपूर्वी ते बंद पडले तेव्हा आम्ही समजलो की मशीन खराब झाले. अम्मी म्हणाली, राहू दे, मला बरं वाटतंय, आणि आम्हीही राहू दिले. रोज गोळी घेणारी बाई, दोन महिने बीपी न मोजता! उघडले तर एकच सेल पाझरलेला, पत्तीवर तिळाएवढा डाग. लिंबाची काडी, मग स्पिरिटची, मग खोडरबराने पत्ती घासली. मशीन सुरू झाले. त्या दिवशीचा आकडा इतका होता की संध्याकाळीच डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांनी गोळी बदलली. रोजे ठेवायचे की नाही हेही अम्मीने त्यांनाच विचारले. औषधाच्या वेळा सहरी-इफ्तारीला कशा बसवायच्या ते विचारायचे होतेच. एका सेलपायी हा प्रश्न विचारायचा राहून गेला असता. ज्या घरात बीपीचे, शुगरचे, कानाचे यंत्र आहे त्यांनी महिन्यातून एकदा ते झाकण उघडून पाहावे. मशीन रोज लागत नसेल तर सेल काढून शेजारी ठेवावेत.

शुगरच्या मशीनमध्ये, गाडीच्या रिमोट किल्लीत, वजनाच्या काट्यात आणि मुलांच्या चमकणाऱ्या खेळण्यांत मोठे सेल नसतात, नाण्यासारखे चपटे असतात. बोटात घालायच्या तसबीह मोजणाऱ्या यंत्रात त्याहून लहान, बटणाएवढे असतात. हे पाझरण्याची गोष्ट गौण आहे. यांची खरी भीती म्हणजे लहान मूल ते गिळते. दोन सेंटिमीटर रुंदीचा, तीन व्होल्टचा नाणे-सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला की लाळेतून प्रवाह सुरू होतो आणि जिथे टेकला आहे तिथे अल्कली तयार होते. दोन तासांत अन्ननलिका खोलवर भाजू शकते. मशीनसाठी संपलेला सेलही हे करू शकतो. मूल सांगू शकत नाही. लाळ गळते, खोकला येतो, खायला नको म्हणते, आणि आपण सर्दी समजतो. संशय आला तरी थांबायचे नाही, थेट दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढायचा. उलटी करवायची नाही, दूध-भात भरवायचा नाही. वणीहून चंद्रपूर किंवा यवतमाळ गाठायला तास-दोन तास जातात, म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. विषबाधेवर सल्ला देणाऱ्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय केंद्राची सूचना अशी आहे की मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळताना त्रास होत नसेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने सेलभोवती आवरण बसते आणि भाजणे थोडे लांबते. मध शोधण्यात वेळ मात्र घालवायचा नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच नाही. नाकात किंवा कानात घातलेला सेलही तितकाच घाईचा असतो, त्यात थेंब टाकू नयेत. ज्या खेळण्याचे सेलचे झाकण स्क्रूने बंद होत नाही ते ईदीत कोणी दिले तरी मी घरात ठेवत नाही. लोक नाराज होतात.

मोबाइलची फुगलेली बॅटरी हा आणखी वेगळा विषय. तिला सिरका नाही, सोडा नाही, सुई तर अजिबात नाही. चार्जिंग बंद करून दुकानात न्यावी.

आता काढलेल्या सेलांचे काय करायचे? आमच्या मोहल्ल्यात ते कचऱ्याच्या ढिगावर जातात आणि ढीग पेटवला की त्याच्यासोबत जळतात, नाहीतर निर्गुडेच्या काठाला पडतात. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेले सेल हे घरातला घातक कचरा म्हणून धरले होते, पेंटचे डबे आणि मुदत संपलेल्या औषधांच्या रांगेत. ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरीच्या कचऱ्याचे वेगळे नियम आले. सेल बनवणाऱ्याने तो परत घेऊन त्यातला धातू पुन्हा वापरात आणावा, आणि आपण तो बाकीच्या कचऱ्यात मिसळू नये, असे त्यात आहे. फुली मारलेल्या कचराकुंडीचे चित्र वेष्टनावर असते ते यासाठीच. मी वर्गात एक प्लास्टिकची बरणी ठेवली आहे. मुले घरून सेल आणतात, टोकांना चिकटपट्टी लावून आत टाकतात. भरली की बहिणीकडे नागपूरला जाताना घेऊन जाते आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे देते. पहिल्या खेपेला बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारले, बरणीत लोणचं आहे का.

रेडिओची स्प्रिंग मात्र माझ्या हातून झाली नाही. बाजारात एक म्हातारे मेकॅनिक अजून बसतात. त्यांनी दुसऱ्या एका मेलेल्या रेडिओची स्प्रिंग काढून डाग दिला आणि वीस रुपये घेतले. झाकण लावताना त्यांनी सेलांच्या खालून एक लाल फीत घातली, टोक बाहेर ठेवून. फीत ओढली की सेल वर उचलले जातात. पूर्वी रेडिओत ही फीत असायचीच. आमच्यातही होती, भाईजानने लहानपणी पतंगाच्या शेपटीला लावली होती.

अब्बा रात्री आकाशवाणीची उर्दू सेवा लावत आणि सकाळी नागपूर केंद्र. अमीन सयानींचा आवाज लागला की काम थांबवत. त्यांच्या अम्मी कुलसुम सयानी 'रहबर' नावाचे पाक्षिक हिंदी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढत, हे अब्बांनीच मला सांगितले होते. मला दोन भाषा शिकवताना कंटाळा आला की ते हे आठवण करून देत.

पहिल्या सहरीला मी उठले तेव्हा स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता आणि खरखर येत होती. अम्मी काटा फिरवत होती. नागपूर लागत नव्हते, मग लागले, मग पुन्हा गेले. तिने रेडिओ खिडकीकडे तोंड करून ठेवला, अब्बा ठेवायचे तसा. सहरी आटोपल्यावर तिने लाल फीत ओढून तिन्ही सेल काढले आणि स्टीलच्या वाटीत ठेवून वाटी वरच्या फळीवर सरकवली. "काढून ठेवलेत बरं," ती म्हणाली, "नाहीतर तू पुन्हा माझा सिरका संपवशील."